चैत्रात सोसायटीतर्फे निधीसाठी मेळा करायचाय, शेवटी हातात काही उरतं का?

कैरीची_फोड
नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. चार इमारतींचं संकुल, १४४ घरं. दरवर्षी पाडव्यानंतरच्या एखाद्या रविवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि "कैरी यंदा काय भावाने घेतलीत" या विषयावर दोन तास चर्चा. यंदा तरुण मुलांनी डोक्यात घेतलंय की हेच मोठं करायचं. आवारात मेळा भरवायचा, घरगुती खाण्याचे स्टॉल, मुलांचे खेळ, संध्याकाळी गाणी. जे पैसे जमतील ते शहापूर तालुक्यातल्या एका पाड्याला पाण्याच्या टाक्या घ्यायला द्यायचे. समितीत मी आहे, म्हणजे शेवटी खुर्च्या मोजायला मीच.

मला शंका वेगळीच आहे. गेल्या वर्षी शेजारच्या एका संकुलाने असाच मेळा केला. "४१,००० रुपये निधी संकलन" असा फलक महिनाभर फाटकावर होता. नंतर त्यांच्याच समितीतल्या एका बाईंनी भाजी घेता घेता सांगितलं की मंडप, स्पीकर, जनरेटर, स्टेज यांत ३३,००० गेले होते. म्हणजे पंधरा माणसं महिनाभर राबली आणि हाती आले आठ हजार. तेवढे तर जिन्यात उभं राहून मागितले असते तरी मिळाले असते.

तुमच्याकडे असं काही झालंय का? खर्च वजा जाता काय उरलं? खरे आकडे सांगा, फलकावरचे नकोत.

वायफळ
खुर्च्या मोजण्याचा अनुभव आहे. नेतानाचा आकडा आणि परत करतानाचा आकडा कधीच जुळत नाही. एकदा तर दोन जास्त भरल्या होत्या.

मिनूची_आई
आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी मुलांनीच विक्री लावली होती, एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या संपल्या. लहान झालेले गणवेश, वरच्या वर्गात गेल्यामुळे मोकळी झालेली पाठ्यपुस्तकं, कंपासपेट्या, बोर्डगेम, सायकली. मंडप नाही, स्पीकर नाही. पार्किंगमध्ये चटया अंथरल्या. २,८७० रुपये जमले आणि खर्च शून्य. सगळ्यात आधी काय संपलं असेल? गणवेश. नवीन घ्यायला गेलं तर पिनफोरचे दर बघून डोळे पांढरे होतात, आणि मूल सहा महिन्यांत उंच होतं. घेणाऱ्या बायकांत दोघी आमच्याच इमारतीत काम करणाऱ्या होत्या. त्यांना फुकट देऊ केलं तर घेतलं नसतं, वीस रुपयांना विकत घेतलं.

मुलांचं मात्र भांडण झालं. पैसे कुत्र्यांना द्यायचे की वॉचमनकाकांच्या मुलीला, यावर मतदान घ्यावं लागलं. कुत्री हरली.

टिळकनगरकर
डोंबिवलीकराने हा प्रश्न विचारावा याची गंमत वाटली. चैत्रात सगळं गाव रस्त्यावर कसं आणायचं, हे आपणच महाराष्ट्राला दाखवलं. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली इथेच सुरू झाली. श्री गणेश मंदिर संस्थानने केली, कल्पना आबासाहेब पटवारींची. ठाणे, गिरगाव वगैरे नंतर. ठाणेकर येतील आता भांडायला, येऊ देत.

आमचं ज्येष्ठांचं मंडळ सुरुवातीची काही वर्षं यात्रेत चालत असे. एका वर्षी पाणी वाचवण्यावर चित्ररथ केला. ट्रक ओळखीच्या सिमेंटवाल्याचा, देखावा शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी रंगवला, फुलं एका सदस्याच्या व्याह्यांकडून. रोख पैसा जवळजवळ लागलाच नाही. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं. आता प्रत्येक गोष्टीला कंत्राटदार लागतो. स्टेजवाला, लाइटवाला, सूत्रसंचालनवाला. मग उरायचं काय?

माझं म्हणणं, मंडप सोडा. चैत्रातल्या संध्याकाळी मंडप लागतोच कशाला? पाऊस आहे का?

तलावपाळी
आलो भांडायला. तुम्ही सुरू केलीत, मान्य. पण आमची यात्रा बघायला डोंबिवलीहून माणसं गाडी पकडून येतात, हेही मान्य करा.

मूळ प्रश्नावर माझं मत उलटं आहे. मेळ्यातून पैसे उरलेच पाहिजेत असं का? १४४ घरांपैकी किती घरांतल्या माणसांना तुम्ही नावाने ओळखता? आमच्याकडे एका मेळ्यात समोरच्या विंगमधले एक गृहस्थ थालीपिठाच्या स्टॉलवर उभे होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा बोललो. पुढे आईला मध्यरात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी त्यांचीच होती. ते आठ हजारांच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

खडूस_खजिनदार
तलावपाळी, ते "स्नेहसंमेलन" या रकान्यात लिहायचं आणि वर्गणी त्या नावाने घ्यायची. पाड्याच्या नावाने पैसे मागून स्टेजवाल्याला देणं याला मी तरी फसवणूक म्हणतो. चुकून झालेली असली तरी फसवणूकच.

धागाकर्तीसाठी थोडं कामाचं. तीन संस्थांचे हिशेब पाहिलेत, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे सोसायटीच्या खात्यात देणगी घेऊ नका. गृहनिर्माण सोसायटी ही धर्मादाय संस्था नव्हे. ऑडिटर विचारतो, आणि विचारायलाच हवं. कोणाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड तर अजिबात चिकटवू नका, माणूस हरिश्चंद्र असला तरी. शक्यतो नोंदणीकृत विश्वस्त संस्थेशी बोला आणि लोकांना थेट त्यांच्याच खात्यात भरू द्या. ८०जीची पावतीही तेच देऊ शकतात, तुम्ही नाही. त्यातही २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती तशीही नाही. त्यामुळे "करसवलत" हे आमिष फार ताणू नका, निम्मे लोक नंतर भांडायला येतात.

नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं काढतात तीच. संकुलाच्या आत, आपापसांत जमवणं वेगळं. फडके रोडवर डबा घेऊन उभे राहणार असाल तर वेगळं.

आणि कृपया तिकीट विकून लकी ड्रॉ काढू नका. प्रत्येक मेळ्यात कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून मिक्सरचा ड्रॉ निघतोच. सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे. पूर्वी भादंविचं २९४ अ होतं, आता न्याय संहितेत २९७. सोसायटीतल्या मिक्सरसाठी कोणी धरून नेईल असं नाही, पण ज्याला मिक्सर लागत नाही तो तक्रार करतो.

वायफळ
खजिनदारसाहेब, तुम्ही आमच्या लग्नात आहेराची वही लिहायला होतात का? शेवटी सतरा रुपये जास्त भरले होते, ते आजही वडिलांना सलतात.

खडूस_खजिनदार
जास्त भरणं हे कमी भरण्यापेक्षा वाईट. कमी असतील तर खिशातून घालता येतात.

पेठेतला_पाहुणा
आमच्याकडे वसंतात मंडपही नाही आणि पन्हंही नाही, लोक येतात ते भाषणं ऐकायला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, ती आजही एप्रिल-मेमध्ये चालते. लागतं काय? एक व्यासपीठ, एक तांब्या, एक वक्ता. खर्च कमी, आणि श्रोते वक्त्याच्या चुका काढायला वेळेवर हजर.

तुमच्या मेळ्यासाठी पाटीचा मजकूर फुकट देतो. "देणगी स्वेच्छेने द्यावी. सल्ला दिल्यास देणगी दुप्पट घेतली जाईल."

कैरीची_फोड
@पेठेतला_पाहुणा, पाटी लावणार. बहुतेक सगळा निधी तिथूनच उभा राहील.

@खजिनदार, मिक्सरचा ड्रॉ काल रात्रीच्या बैठकीत एकमताने मंजूर झाला होता. आज दुपारी तुमचा प्रतिसाद ग्रुपवर टाकला, तेव्हापासून तिघंजण बोलत नाहीयेत.

बंड्या_बे_एरिया
इकडे कॅलिफोर्नियात शाळांना पैसे कमी पडतात, त्यामुळे वसंत आला की पालकांचे खिसे फुलायच्या आत रिकामे होतात. मुलांचा वॉकेथॉन असतो, पोरगं मैदानाला चकरा मारतं आणि नातेवाइकांनी पैसे लावायचे. नागपूरच्या आजीने दर चकरेला पन्नास रुपये कबूल केले आणि नातवाने ३१ चकरा मारल्या. आजी म्हणाल्या, एवढं पळवतात का रे लेकराला, पैसे देते, बसव त्याला. जानेवारी ते एप्रिल दुकानांबाहेर टेबल मांडून गर्ल स्काउट्सच्या मुली बिस्किटं विकतात ते वेगळंच. त्यांना नाही म्हणणारा माणूस अजून पाहिला नाही.

कामाची गोष्ट म्हणजे इथल्या बऱ्याच कंपन्या तुम्ही दिलेल्या देणगीत तेवढीच भर घालतात. संकुलात एखादं दणकट गिऱ्हाईक असेल तर त्याला सरळ विचारा. "पन्नास घरांनी ५०० दिले तर तुम्ही तेवढेच घालाल का?" एकट्याने पंचवीस हजार द्यायला माणूस कुरकुरतो, पण पन्नास घरांना कामाला लावून द्यायचे म्हटलं की त्याला मजा येते.

रक्तगट_ओ
पैशांचा विषय चाललाय, पण मी रक्तपेढीत काम करतो म्हणून मध्येच तोंड घालतो. एप्रिल-मे हा आमचा दुष्काळ. कॉलेजं बंद, माणसं गावाला, शिबिरं कमी. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना उन्हाळी सुट्टी नसते. मेळ्याच्या सकाळी शिबिर ठेवलंत तर एक पैसा न जमवता मोठं काम होईल.

फक्त हव्यासाने आकडा वाढवू नका. "विक्रमी २०० बाटल्या" हे बॅनरवर छान दिसतं, पण लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, प्लेटलेट्स तर पाच दिवस. पाडव्याला सगळ्यांनी दिलं आणि मे कोरडा गेला तर उपयोग काय? पुरुष तीन महिन्यांनी आणि बायका चार महिन्यांनी पुन्हा देऊ शकतात. म्हणून निम्म्यांना मेळ्याला बोलवा, निम्म्यांची नावं मेअखेरीसाठी लिहून ठेवा. बायकांत हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली निघालं तर आम्ही परत पाठवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि उपाशी येऊ नका हो. गौरीचा उपास म्हणून दोघी चक्कर येऊन पडल्यात आमच्याकडे.

मिनूची_आई
चैत्रगौरीचा उपास कुठे असतो? आंब्याची डाळ खायचा सण आहे तो.

रक्तगट_ओ
त्यांनी तेच कारण सांगितलं. मी पुरुष माणूस, वाद घातला नाही.

नवीन_भिडू
आंब्याच्या डाळीत ओलं खोबरं घालतात का? सासरी घालतात, माहेरी नाही. शांतपणे विचारतेय.

टिळकनगरकर
घालतात.

पेठेतला_पाहुणा
घालत नाहीत. हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, कैरीचा कीस, वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी. खोबरं घातलं की ती चटणी होते.

तलावपाळी
संपला धागा. आता ४०० प्रतिसाद डाळीवर.

निळी_वही
डाळवाल्यांनो, दोन मिनिटं थांबा.

आमच्या वस्तीत ११ एप्रिलला फुले जयंती आणि १४ ला बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे चैत्र म्हटलं की वर्गणी, बॅनर, डीजे हे मीही लहानपणापासून पाहिलंय. मग आमच्या काही पोरांनी "एक वही, एक पेन" घेतलं. हार-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, असं आवाहन सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर होतं, बऱ्याच ठिकाणी जयंतीलाही. खर्च काहीच नाही, एक टेबल आणि निळं कापड.

पहिल्या वर्षी आम्ही हजाराच्या वर वह्या जमवल्या आणि छाती फुगवून एका शाळेत गेलो. बाईंनी गठ्ठे उघडले. सगळ्या शंभर पानी, एकेरी रेघेच्या. पहिली-दुसरीला चार रेघी लागते, गणिताला चौकटीची, आठवीपासून पुढे दोनशे पानी, आणि चित्रकलेची वही तर कोणीच आणत नाही. बाई भल्या होत्या, म्हणाल्या, "चालेल हो, वापरू." पण चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्या वर्षापासून फेब्रुवारीतच शाळेकडून यादी आणतो आणि टेबलावर मोठ्या अक्षरात लावतो. वह्या निम्म्या जमतात, वाया एकही जात नाही.

धागाकर्तीला प्रश्न. टाक्या पाहिजेत हे पाड्यावरच्यांनी सांगितलंय की तुमच्या मुलांनी ठरवलंय?

कैरीची_फोड
खरं सांगू? आमच्यातला एक मुलगा माहुली किल्ल्याच्या ट्रेकला गेला होता. तिथे वाटेत बायका हंडे घेऊन जाताना दिसल्या. त्याने फोटो टाकला, ग्रुपवर सगळे हळहळले आणि टाक्या ठरल्या. विचारलं कोणीच नाही.

कसारा_घाट
बरीच वर्षं नुसतीच वाचक आहे, आज लॉगिन केलं. मी शहापूर तालुक्यात शिक्षिका आहे. तुमचा पाडा कोणता ते माहीत नाही, आमच्याकडचं सांगते.

आमच्या शाळेमागे तीन काळ्या टाक्या आहेत. तिन्हींवर देणगीदारांची नावं पांढऱ्या रंगात. एकीत पाणी असतं, पावसाळ्यात. एकीचं झाकण उडालंय. तिसरीत सरपण ठेवतो, कोरडं राहतं. टाकीत पाणी आपोआप येत नाही हो. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात, पण ते पाणी मुंबईला जातं. पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो तो विहिरीत रिकामा करतात, आणि मग बायका त्या विहिरीतून शेंदतात. विहिरीत गाळ असेल तर ओतलेलं पाणीही गढूळ होतं आणि टँकर गेल्यावर विहिरीभोवती जी झुंबड उडते ती बघवत नाही. कठडा नसलेल्या विहिरीवर ओणवं होऊन ओढायचं, एक दिवस कोणीतरी आत जातंच.

पैसे द्यायचेच असतील तर गाळ काढायला आणि कठड्याला द्या. ते कामही फक्त एप्रिलअखेर ते मे एवढ्यातच होतं, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा. मृग लागला की संपलं. पण यारीवाला, म्हणजे गाळ वर ओढायचं यंत्र घेऊन येणारा, एप्रिलच्या सुरुवातीला ठरवावा लागतो, कारण त्याच पंधरवड्यात सगळ्यांना तोच हवा असतो, आणि इसार दिल्याशिवाय तो हलत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घ्यायला दोन आठवडे धरा. तुमचा मेळा एप्रिलच्या मध्यावर, हिशेब होईपर्यंत महिनाअखेर, धनादेशाचा समारंभ मेमध्ये, प्रमुख पाहुण्यांच्या तारखेप्रमाणे. तोवर आमच्याकडे ढग आलेले असतात. मग त्या पैशांतून काय घेता येतं? टाकी.

रागाने लिहिलं असेल तर माफ करा. माणसं चांगल्या मनानेच येतात, हे माहीत आहे. पण येतात ती त्यांच्या सोयीच्या रविवारी.

वायफळ
माझे विनोद संपले.

खडूस_खजिनदार
कसारा_घाट, नमस्कार स्वीकारा. इतक्या वर्षांत मी खर्चाच्या पावत्या तपासल्या, तारीख कधी तपासली नाही.

तलावपाळी
मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण दोन कामं एका गाठोड्यात बांधली ही चूक, हे पटलं. पैसे आधी मागा, मेळा नंतर होऊ दे.

टिळकनगरकर
पाडव्याला फडके रोडवर यात्रेत टेबल टाकलं तर? एवढी गर्दी वर्षातून दोनदाच, पाडव्याला आणि दिवाळीच्या पहाटे.

मिनूची_आई
काका, ती गर्दी नऊवारी आणि फेट्यातले फोटो काढायला असते. कोणाला पाकीट काढायला हात मोकळा नसतो. शिवाय वर ४१ क सांगितलंय ना. मला एक आठवण सांगायची आहे. २५ मार्च २०२० ला पाडवा होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. यात्रा नाही, बाहेर चिटपाखरू नाही. त्या दिवशी आमच्या इमारतीत एका काकूंनी इंटरकॉमवरून घरोघरी विचारलं की वॉचमन आणि सफाईवाल्या दोघी यांच्या महिन्याच्या किराण्याचं काय? संध्याकाळपर्यंत १९,००० जमले. ना पोस्टर, ना कार्यक्रम. काकूंनी फक्त तीन नावं घेतली आणि किराण्याची यादी वाचून दाखवली. एरवी ह्याच इमारतीत लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे काढायला आठ महिने लागले होते.

बंड्या_बे_एरिया
+१. यादी वाचून दाखवणं हेच खरं. "निधी" म्हटलं की लोक विचार करतात, "तूरडाळ चार किलो" म्हटलं की देतात.

पेठेतला_पाहुणा
तूरडाळ. खोबरं न घातलेली.

कैरीची_फोड
वाचतेय सगळं. उद्या बैठक आहे. कसाराताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे, जमलं तर बघा.

नवीन_भिडू
पुढे काय झालं ते सांगा हं. लोक सल्ले घेतात आणि गायब होतात.

कैरीची_फोड
गायब झाले नव्हते, खुर्च्या मोजत होते. सविस्तर लिहिते.

कसाराताईंनी त्यांच्या ओळखीतून आमच्या पाड्याच्या सरपंचबाईंशी बोलणं करून दिलं. त्यांनाही विहीरच हवी होती. टाकी म्हटल्यावर त्या नुसत्या हसल्या. पंचायतीचा ठराव झाला. यारी, मजुरी, कठड्याचं बांधकाम आणि वर जाळी असा ६२,००० चा अंदाज त्यांनीच काढून दिला. आम्ही तो अंदाज आहे तसा, त्यांच्या अक्षरातला, चारही लिफ्टमध्ये चिकटवला. खाली पाड्याबरोबर काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेचा खातेक्रमांक. बाकी काही नाही.

बंड्याची युक्ती चालवली. बी विंगमधल्या एका निवृत्त काकांनी अट घातली की साठ घरांनी ५०० दिले तर उरलेलं माझं. आठवडाभर काका स्वतःच दारोदार फिरत होते, साठावं घर मिळावं म्हणून! शेवटी ७१ घरांनी दिले. काही जणांनी जास्तही दिले. एकूण ५१,५०० आले, १०,५०० काकांनी घातले. इसार वेळेत गेला. दोघांनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि एका घराने "आधी आपल्या टाकीची गळती बघा" असं ऐकवलं. तेही बरोबरच होतं, गळती अजून आहे.

मेळा त्यानंतर केला. मंडप नाही, स्टेज नाही, संध्याकाळी पाच ते नऊ, सोसायटीचेच दिवे. एक पेटी, एक तबला, माईक नाही. सकाळी रक्तदान झालं. ३४ जणांनी दिलं, मेअखेरीसाठी २२ नावं लिहून घेतली. गणवेशांची चटई मुलांनी सांभाळली. खर्च वजा जाता ११,२५० उरले, ते आम्ही कठड्याजवळच्या दगडी पाटासाठी ठेवलेत, हंडे टेकवायला. तलावपाळी, तुमच्यासाठी खास: मी सतरा नवीन माणसांना नावाने ओळखायला लागले. त्यातला एक आमच्याच मजल्यावर राहतो.

मिक्सर दुकानात परत केला. तिघांपैकी दोघं बोलायला लागलेत.

कसारा_घाट
परवा तुमच्या पाड्यावर जाऊन आले. गाळ साडेतीन दिवस निघत होता. आत काय काय सापडलं: दोन हंडे, एक कळशी, तांब्याची गडवी, पाच पोहरे, एक मोबाईल, दोन प्लास्टिकचे चेंडू. गडवी एका आजींनी ओळखली, सुनेच्या लग्नातली निघाली. सून आता स्वतः सासू आहे. कठड्याचं काम चालू आहे. तुमच्यातले कोणी आले तर पाऊस पडायच्या आत या, पण सोबत बॅनर आणू नका. आंबे आणलेत तर चालेल.

नवीन_भिडू
गडवी वाचून डोळ्यांत पाणी आलं. आंब्याच्या डाळीत खोबरं घातलं होतं का मेळ्यात?

कैरीची_फोड
दोन पातेली ठेवली होती. खोबरं घातलेलं आधी संपलं.

पेठेतला_पाहुणा
डोंबिवलीत संपणारच.

कैरीची_फोड
खजिनदारसाहेब, शेवटची शंका. मेळ्याच्या हिशेबात तीस रुपये जास्त येताहेत. तीनदा मोजले.

खडूस_खजिनदार
पन्ह्याच्या स्टॉलवर विचारा. पंधराचा पेला वीसला विकला असणार. सहा पेले.